पाळणाघराची फी आणि खरा खर्च : मुंबईतल्या नोकरदार आईबाबांसाठी हिशेबाची रीत

पाळणाघरात चौकशीला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "महिन्याचे किती?" समोरून आकडा येतो, तो आपण मनातल्या मनात पगारातून वजा करतो आणि परवडतंय की नाही ते ठरवून मोकळे होतो. मुंबईत हा हिशेब हमखास फसतो. फी ठरलेली असते, ती काही दगा देत नाही. पैसे जातात ते मधल्या फटींत. गाडी लेट झाली तो अर्धा तास, बाळाला ताप आला ते तीन दिवस, शाळेची दिवाळीची सुट्टी, मावशी गावाला गेल्या तो आठवडा. म्हणून आधी फटी मोजायच्या आणि पर्याय मग निवडायचा.

पुढे आलेले फीचे आणि पगाराचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते धरले आहेत. मुलुंडचा दर वेगळा, पवईचा वेगळा, विरारचा आणखी वेगळा. तिथे तुमच्या गल्लीतला आकडा घाला.

१. आधी तास, मग पैसे

एका कागदावर दोनच वेळा लिहा : सकाळी मूल दुसऱ्याच्या हातात देणार ती वेळ आणि संध्याकाळी परत घेणार ती वेळ. ऑफिसची वेळ लिहू नका, तिचा इथे उपयोग नाही.

मुलुंड पूर्वेला राहणारं एक जोडपं धरू. तिची नोकरी फोर्टात, त्याची अंधेरीत. तिला साडेनऊला पोचायचं तर आठ-सव्वाआठची गाडी हवी, म्हणजे पावणेआठला मूल सोडायला हवं. संध्याकाळी सहाला सुटून, गाडी पकडून, मुलुंडला उतरून पाळणाघराच्या दारात यायला साडेसात. झाले पावणेबारा तास. घरगुती पाळणाघरात 'पूर्ण दिवस' म्हणजे बहुधा नऊ-दहा तास. उरलेल्या वेळेचे पैसे वेगळे, आणि त्याहून महाग म्हणजे त्या बाईंची नाराजी.

आता हेच जोडपं वेळा सरकवून बघू. त्याने अकरा ते साडेसात अशी वेळ मागून घेतली आणि सकाळचं सोडणं आपल्याकडे घेतलं. तिने आठ ते साडेचार घेतलं आणि संध्याकाळी आणणं तिच्याकडे. मूल साडेनऊला जातं, सहाला घरी येतं. साडेआठ तास. सव्वातीन तास कमी झाले, जादा तासांचे पैसे गेले आणि दोघांचीही ऐन गर्दीतल्या गाडीतून सुटका झाली. या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोठी बचत इथे आहे, आणि तिच्यासाठी एक रुपया खर्च होत नाही. फक्त बाबांनी साहेबांकडे जाऊन "मला मुलाला सोडायचं असतं" असं म्हणायला हवं. आईने अशी वेळ मागितली की लोक समजून घेतात किंवा नाक मुरडतात. बाबांनी मागितली की आधी हसतात. हसू द्यावं. मागणी मात्र ईमेलने करावी, तोंडी मिळालेली सवलत साहेब बदलले की संपते.

२. घराजवळ की ऑफिसजवळ?

मुंबईपुरतं माझं उत्तर स्पष्ट आहे : घराजवळ. दीड-दोन वर्षांचं मूल कडेवर, पाठीला सॅक, आणि सकाळी सव्वाआठला ठाण्याहून भरून आलेली गाडी, हे रोज जमणारं नाही. शिवाय मूल घराजवळ असलं की आई अडकली तर बाबा जातात, दोघे अडकले तर शेजारच्या काकू जातात. लोअर परळच्या पाळणाघरात शेजारच्या काकू जाणार नाहीत.

अपवाद एकच. बाळ अंगावर पीत असेल आणि ऑफिसच्या आवारात किंवा अगदी बाजूला पाळणाघर असेल, तर पहिलं वर्षभर ते सोसावं. त्यासाठी कायद्यानं काय मिळतं ते पुढे येईलच.

३. पर्याय आणि त्यांचा वर्षाचा खर्च

महिन्याचा आकडा बाजूला ठेवा. वर्षाचा काढा आणि मग बाराने भागा.

घरगुती पाळणाघर महिना ८,००० रुपये धरू. वर्षाचे ९६,०००. नोंदणी आणि वार्षिक शुल्क ६,०००. महिन्यातून आठदा उशीर, दर वेळी १०० रुपये, म्हणजे वर्षाला ९,६००. सकाळ-संध्याकाळ रिक्षा, किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे, तेव्हा रोजचे ५२, महिन्याचे बावीस दिवस, वर्षाला १३,७२८. मुलाच्या आजारपणात आणि पाळणाघराच्या सुट्ट्यांत हक्काच्या रजा संपून वर्षात सहा दिवस बिनपगारी झाले आणि दिवसाचा पगार १,५०० असला तर ९,०००. बेरीज १,३४,३२८. महिन्याला ११,१९४. तोंडी सांगितलेले आठ हजार कागदावर सव्वाअकरा हजारांना टेकले, आणि यात डायपर, दुधाची पावडर, वाढदिवसाला वाटायच्या भेटी धरलेल्याच नाहीत.

आता घरी येणारी बाई. बारा तासांचे १८,००० धरू. वर्षाचे २,१६,०००. दिवाळीचा एक पगार, १८,०००. एजन्सीकडून आणली तर तिचं कमिशन, जे अनेकदा एका पगाराइतकं असतं, आणखी १८,०००. चहा-जेवणाचे दिवसाला ८० रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस धरून वर्षाला २४,९६०. एकूण २,७६,९६०, महिन्याला २३,०८०. पाळणाघराच्या दुप्पट. पण मुलं दोन झाली की चित्र पालटतं : पाळणाघर दोन्ही मुलांची फी घेतं, फार तर दुसऱ्याला थोडी सूट देतं, बाईंचा पगार दुप्पट होत नाही. एकाच सोसायटीतल्या दोन घरांनी मिळून एक बाई ठेवणं हाही चांगला तोडगा. एक महिना या घरी, एक महिना त्या घरी. मात्र दोन्ही मुलांच्या वयात फार अंतर नसावं, आणि दोन्ही घरांनी पगार, सुट्ट्या आणि मोबाइल-टीव्हीचे नियम आधी एकमेकांशी ठरवून घ्यावेत. भांडणं बाईंवरून होत नाहीत, कार्टूनवरून होतात.

बाई ठेवणार असाल तर आधार कार्डाची प्रत आणि पोलिस पडताळणी ही औपचारिकता समजू नका. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी आपण होऊन द्या. जी बाई सुट्टी मागू शकत नाही, ती एक दिवस न सांगता दांडी मारते, आणि तो दिवस नेमका तुमच्या प्रेझेंटेशनचा असतो.

ब्रँडेड डे-केअरची फी घरगुतीपेक्षा बरीच चढी असते. त्या पैशात कॅमेरे, ॲप, एसी मिळतो आणि एक शिक्षिका रजेवर गेली तर दुसरी हजर असते. हा शेवटचा मुद्दाच खरा कामाचा. घरगुती पाळणाघर एका काकूंवर चालतं, काकूंना ताप आला की वीस ऑफिसांत वीस माणसं रजा टाकतात.

आजी-आजोबा हा फुकटचा पर्याय मानण्याची चूक करू नका. साताऱ्याहून आई येते, दोन महिन्यांनी तिचे गुडघे बोलायला लागतात, गावाकडे आजोबा एकटे जेवतात. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीपुढे प्रवास फुकट, त्यामुळे येण्याजाण्याचा खर्च मामुली. खर्च आहे तो वन बीएचकेमध्ये पाच माणसं राहण्याचा. माझ्या मते आजीला दिवसभराची आया करू नये, देखरेखीला ठेवावं : मूल सकाळी अर्धा दिवस पाळणाघरात, दुपारनंतर आजीकडे. आजी टिकते, मूलही रमतं, आणि पाळणाघराची अर्ध्या दिवसाची फी पुरते.

ज्यांना हे आकडेच आवाक्याबाहेर आहेत त्यांनी वॉर्डातल्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आहार आणि पूर्वशिक्षण देते, पण दिवसातले थोडेच तास. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडतात. आपल्या भागात असं आहे का, ते विचारावं. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था १९७२ पासून साइटवरच पाळणाघरं चालवते.

४. बघायला कधी जायचं

सकाळी अकराला जाऊ नका. अकराला सगळी पाळणाघरं छान दिसतात. एकदा दुपारी दीडला जा आणि एकदा संध्याकाळी पावणेसातला.

दीडला जेवणं आटपून झोपवाझोपव चालू असते. चप्पल काढून दारातच दोन मिनिटं थांबा. सतरंजीवर मुलं ओळीनं आहेत का, त्यांच्यात हात जाईल इतकी जागा आहे का, पंखा सगळ्यांना लागतो का. ओट्यावर डबे दिसतील. नावाची पट्टी चिकटवलेले असतील तर कोणाचा वरणभात कोणाला जाणार नाही, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी ही साधी पट्टी फार मोलाची. मोरीचं दार बंद आहे का, बादली भरून ठेवली आहे का. खिडकीला ग्रिल आहे, पण ग्रिलखाली दिवाण आहे का, हे तिसऱ्या मजल्यावर आवर्जून बघा. गॅसचा रेग्युलेटर मुलांच्या हाताला येतो का. आणि टीव्ही. तो चालू असण्याचं मला एवढं वावगं वाटत नाही, दिवसभर चालूच असेल तर मात्र पुढचं पाळणाघर बघावं.

पावणेसातला उरलेली मुलं असतात, म्हणजे तुमचं मूल ज्यांच्यात असणार ती. त्या वेळी काकूंचा आवाज कसा आहे तो ऐका. आलेल्या आईशी काकू काय बोलतात तेही ऐका. "आज दुपारी जेवला नाही नीट" असं आपणहून सांगणारी बाई लाखमोलाची.

माणसं किती हवीत याला एक आधार आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ऑफिसच्या पाळणाघरांसाठी २०१८ मध्ये किमान निकष काढले. त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका आणि तीनवरच्या वीस मुलांमागे एक असं प्रमाण आहे, जोडीला मदतनीस. घरगुती पाळणाघराला हेच माप लावून बघा. सोळा तान्ही आणि एकच काकू असतील तर काकू कितीही प्रेमळ असोत, नको.

कॅमेऱ्याबद्दल थोडं. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात आयाने तान्ह्या मुलीला मारल्याचं चित्रीकरण बाहेर आलं, तेव्हापासून पालक पहिल्यांदा कॅमेरा विचारतात. विचारावाच. पण तो प्रकार कॅमेरा असतानाच घडला होता, हे विसरू नये. कॅमेरा झालेलं दाखवतो. होऊ न देण्यासाठी एका खोलीत दोन मोठी माणसं असणं आणि पालकांना न सांगता येऊ देणं, या दोन गोष्टी लागतात. "आधी फोन करून या" असा नियम असेल तर तिथे माझं मन धजत नाही.

५. कंपनीकडे काय मागता येतं

इथे लोक हक्काचे पैसे सोडून देतात, कारण विचारत नाहीत.

बाळंतपणाची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहे, मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. कंत्राटी आहे म्हणून रजा नाही, असं एचआरने सांगितलं तर लेखी मागा, सहसा लेखी येत नाही. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) विमाधारक बायकांना हीच रजा ईएसआयकडून मिळते. रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम करण्याची मुभा आपसात ठरवता येते, आणि मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दूध पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी मिळते.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. पन्नास बायका नव्हे, एकूण पन्नास माणसं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. नोव्हेंबर २०२५ पासून मातृत्व लाभाच्या या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत, आणि तिच्यात अनेक कंपन्यांनी मिळून एक पाळणाघर चालवणं किंवा बाहेरच्याशी करार करणंही बसतं. बीकेसी किंवा विक्रोळीच्या एखाद्या मोठ्या इमारतीत पाच कंपन्या एकत्र येऊ शकतात. ऑफिसात जागा नाही असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न हाच : मग कोणत्या डे-केअरशी आपला टाय-अप आहे, आणि माझ्या घराजवळच्या शाखेत तो चालेल का? काही कंपन्या फीचा काही भाग परत देतात, पण ते धोरणाच्या कागदात दडलेलं असतं. ईमेल एकटीने टाकण्यापेक्षा चौघी-पाच जणींनी मिळून, आणि दोन बाबांनीही सही करून टाकली तर उत्तर लवकर येतं.

राज्य सरकारी कर्मचारी महिलांना मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, संपूर्ण सेवेत मिळून, १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. केंद्रात ती ७३० दिवस. ही रजा पहिल्या दोन वर्षांत संपवून टाकू नका. दहावीच्या वर्षी तिची आठवण येते.

कराचं एका परिच्छेदात संपेल. पाळणाघराच्या फीला वजावट नाही. प्लेस्कूल, नर्सरीच्या शिकवणी शुल्काला मात्र जुन्या करप्रणालीत, आपण ज्याला ८०सी म्हणतो त्या दीड लाखाच्या मर्यादेत, दोन मुलांपर्यंत वजावट आहे. प्लेस्कूल आणि डे-केअर एकाच छताखाली असेल तर पावत्या वेगळ्या मागून घ्या. नव्या करप्रणालीत असाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

६. "तुझा पगार पाळणाघरातच जातोय"

हे वाक्य घरात कधी ना कधी येतं, बहुतेक वेळा प्रेमानेच येतं. त्यातली चूक अशी की खर्च एकट्या आईच्या पगारातून वजा केलेला असतो. मूल दोघांचं, तर खर्च दोघांच्या बेरजेतून वजा व्हायला हवा. तिचे हातात ४५,०००, त्याचे ७०,०००; मिळून १,१५,०००. त्यात सव्वाअकरा हजार म्हणजे दहा टक्क्यांच्या आत.

शिवाय हातात येणारा पगार म्हणजे पूर्ण पगार नव्हे. तिचं मूळ वेतन २५,००० असेल तर पीएफमध्ये तिचे ३,००० आणि कंपनीचे ३,००० दरमहा जमा होतात (कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनकडे). नोकरी सोडली की हे सहा हजारही थांबतात, ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षं भरायची राहतात, कंपनीचा आरोग्य विमा जातो. आणि चार वर्षांनी परत आल्यावर जुन्या पगारावर कोणी घेईल याची खात्री नसते. एवढं मांडूनही सोडायची असेल तर खुशाल सोडावी, घरी राहून मूल वाढवणं काही कमी प्रतीचं नाही. फक्त निर्णय पूर्ण बेरजेवर व्हावा.

७. शाळा सुरू झाली की खर्च कमी होत नाही

"एकदा शाळेत गेला की सुटलो" हा आईबाबांचा लाडका भ्रम. नर्सरी तीन तासांची. सोडायला आणि आणायला मध्येच कोणीतरी हवं, म्हणजे शाळेची फी, व्हॅनचे पैसे आणि पाळणाघर, तिन्ही एकदम. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. मुलांच्या झोपेसाठी निर्णय चांगला. पण आठ दहाची गाडी पकडणाऱ्या आईसाठी शाळेआधीचा एक तास नव्याने उघडा पडला. प्रवेश घेण्याआधी शाळेला विचारा : पाळणाघराची व्हॅन दारात येते का, मुलांना वर्गाच्या वेळेआधी आत घेतात का, आणि मे महिन्यात आणि दिवाळीत शाळेची डे-केअर चालू असते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर सुट्टीतलं पाळणाघर महाग आणि भरलेलं असतं, एप्रिलमध्ये धावाधाव करण्याऐवजी फेब्रुवारीत नाव घाला.

८. फटींचा तक्ता

हे काम रविवारी, मेगाब्लॉक असताना, दोघांनी बसून करावं. कॅलेंडर घ्या आणि पाळणाघराच्या सुट्ट्या, शाळेच्या सुट्ट्या आणि दोघांच्या ऑफिसच्या सुट्ट्या तीन रंगांनी मारा. जिथे मुलाला सुट्टी आहे आणि दोघांनाही नाही, तो दिवस फट. प्रत्येक फटीपुढे एक नाव : आई, बाबा, आजी, मावशी, सोसायटीतलं दुसरं घर. त्यात वर्षाला दहा-बारा दिवस आजारपणाचे वेगळे धरा. पहिल्या पावसाळ्यात, नव्याने पाळणाघरात जाणारं मूल सर्दी-तापाने घरी बसतंच. ते दिवस निम्मे-निम्मे वाटून घ्या, नाहीतर सगळे आईच्या रजेतून जातात.

पावसाचा एक वेगळा नियम ठरवून ठेवा. रुळांवर पाणी भरून गाड्या थांबल्या तर मूल कोण आणणार आणि रात्री कुठे झोपणार, हे जुलैच्या आधी पाळणाघराच्या काकूंशी बोलून घ्या. जवळपास चालत पोचू शकणाऱ्या दोन माणसांची नावं, फोटो आणि नंबर काकूंकडे लिहून द्या, आणि त्या दोघांशिवाय कोणाच्याही हातात मूल द्यायचं नाही हेही लिहा.

९. पैसे भरण्याआधी लिहून घ्यायचं

घरगुती पाळणाघरात करार मागितला तर वाईट दिसेल असं वाटतं. नाही दिसत. एक पान पुरतं, काकूंनाही ते सोयीचं पडतं. त्यात एवढं हवं : वेळ कुठून कुठपर्यंत, त्यानंतर दर अर्ध्या तासाला किती, महिनाभर गावाला गेलात तर पूर्ण फी की अर्धी, वर्षातल्या बंद दिवसांची यादी, औषध द्यायचं तर कोणाला विचारून, फी कधी आणि किती वाढणार, अनामत किती आणि ती परत कधी मिळणार. पैसे यूपीआयनेच द्या आणि नोंदीत महिना लिहा.

पहिला आठवडा पूर्ण फी भरून अर्धाच वेळ ठेवावा : पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, मग जेवणापर्यंत. यासाठी कामावर रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी सुरुवात हवी, म्हणजे अर्ध्या महिन्याची फी जादा जाते. ती जाऊ द्यावी. सोडताना गुपचूप पळू नका, सांगून, हात हलवून निघा. रडलं तरी चालेल. आणि पाळणाघर बदलायचं ठरलं तर नोटीस महिनाभर आधी, लेखी, पण नव्या ठिकाणी मूल चार दिवस राहून बघितल्यावरच.